सर्व्हर भाड्याचा, जबाबदारी घरची

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व संचालक,
नागरी सहकारी बँका आणि सहकारी पतसंस्था,
नाशिक जिल्हा



ऑगस्ट-सप्टेंबर आला की वार्षिक सर्वसाधारण सभेच्या नोटिसा आणि छापील अहवाल सभासदांच्या घरी येऊ लागतात. ठेवी किती वाढल्या, थकबाकी किती वसूल झाली, निव्वळ एनपीए किती आणि लाभांश किती टक्के, याची कोष्टके त्यात नीट मांडलेली असतात. मात्र हा सारा ताळेबंद ज्या माहितीवर उभा आहे ती कुठे ठेवली आहे, तिथपर्यंत कोण पोहोचू शकतो आणि एखाद्या सकाळी ती उघडलीच नाही तर शाखा कशी चालणार, याबद्दल फार तर एक वाक्य असते : ‘संस्थेची संगणक प्रणाली अद्ययावत व सुरक्षित आहे.’ सभासद आणि ठेवीदार या नात्याने मला हे वाक्य अपुरे वाटते. प्रश्न एका संस्थेचा नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांना आणि उघडपणे लिहितो आहे.

आधी एक गोष्ट मान्य करतो. सीबीएस, म्हणजे कोअर बँकिंग प्रणाली, क्लाउडवर नेण्याचा निर्णय बहुतेक संस्थांच्या बाबतीत बरोबरच होता. जिन्याखालच्या खोलीत एक सर्व्हर, वीज गेली की कुरकुरणारा इन्व्हर्टर आणि दिवसअखेर पेनड्राइव्हवर बॅकअप घेणारा एखादा प्रामाणिक कर्मचारी, यापेक्षा चोवीस तास वीज, थंडावा, पहारा आणि प्रशिक्षित माणसे असलेले डेटा सेंटर केव्हाही चांगले. ते बघायला नाशिककरांना लांब जावे लागत नाही. २००५ साली सुरू झालेल्या ईएसडीएस या कंपनीचे डेटा सेंटर आपल्या सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतच आहे आणि बँका व सरकारी खाती अशा केंद्रांतून सेवा घेतात. क्लाउड म्हणजे शेवटी कुठल्या तरी गावातली इमारत, तिथली यंत्रे आणि ती चालवणारी माणसे.

माझी हरकत वेगळी आहे. सर्व्हर दुसऱ्याच्या इमारतीत गेला की जोखीमही त्याच्या इमारतीत गेली, असा समज अनेक संचालक मंडळांत रुजला आहे. ‘ते सगळं व्हेंडर बघतो’ हे उत्तर सभेत सर्रास ऐकू येते. हे उत्तर किती पोकळ आहे ते दाखवणाऱ्या दोन घटना गेल्या काही वर्षांत घडल्या. एक सहकारी बँकांच्या बाबतीत, दुसरी थेट महाराष्ट्रात.

पहिली ३१ जुलै २०२४ ची. स्टेट बँक आणि टीसीएस यांची संयुक्त कंपनी असलेल्या सी-एज टेक्नॉलॉजीजवर रॅन्समवेअरचा, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या घातक प्रोग्रामचा, हल्ला झाला. ही कंपनी देशभरातल्या सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रसेवा पुरवते. लागण पुढे पसरू नये म्हणून एनपीसीआय या राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने तिला किरकोळ पेमेंट यंत्रणेपासून तोडले आणि सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. बँकांच्या स्वतःच्या यंत्रणेला बाधा पोहोचली नसल्याचेही एनपीसीआयने सांगितले. म्हणजे त्या बँकांच्या शाखांत कोणी चुकीच्या लिंकवर बोट ठेवले नव्हते, त्यांच्या एकाही रकान्यात गडबड नव्हती, तरी त्यांचा ग्राहक दुकानात मोबाइल हातात धरून ताटकळला. सायबर सुरक्षेच्या अभ्यासकांनी नंतर या हल्ल्याचा माग काढला तेव्हा तो एका सहयोगी कंपनीच्या मांडणीत चूक राहिलेल्या सर्व्हरपर्यंत जाऊन पोहोचला. तुम्ही करार केलात तो व्हेंडरशी. व्हेंडरने पुढे कोणाकोणाशी केला आहे, ही यादी तुमच्यापैकी किती जणांच्या टेबलावर आहे?

दुसरी घटना २१ मार्च २०२१ ची. रविवार, पहाटे अडीचचा सुमार. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या, म्हणजे आपल्या एमआयडीसीच्या, ऑनलाइन सेवा बंद पडल्याचे संदेश यंत्रणेने आपोआप पाठवले आणि दिवसभराच्या तपासात तो रॅन्समवेअरचा हल्ला असल्याचे स्पष्ट झाले. ५०० कोटींच्या खंडणीच्या बातम्या तेव्हा झळकल्या. हल्लेखोरांच्या चिठ्ठीत रकमेचा आकडा नाही, असा खुलासा महामंडळाने केला. खुलाशातली माहिती आकड्यापेक्षा मोलाची होती. महामंडळाच्या सेवा काही प्रमाणात ईएसडीएसच्या क्लाउडवर, तर काही स्वतःच्या सर्व्हरवर चालत होत्या. बॅकअपच्या फाइली मात्र क्लाउड डेटा सेंटरमध्येच, पण वेगळ्या नेटवर्क विभागात ठेवल्या होत्या आणि त्यांना लागण झाली नाही. सातपूर-अंबडच्या उद्योजकांना भूखंडाची कामे, पाणीपट्टी, नकाशे यांसाठी खोळंबून राहावे लागले हे खरे. पण पुन्हा उभे राहण्यासाठी हाताशी धड प्रत होती, कारण ती चालू यंत्रणेपासून तोडून ठेवलेली होती.

या दोन घटना शेजारी ठेवून वाचाव्यात. पहिलीत बँका निर्दोष असूनही त्यांचे व्यवहार अडले, कारण त्या ज्यावर अवलंबून होत्या त्यालाच तोडावे लागले. दुसरीत हल्ला आतपर्यंत पोहोचूनही सर्वस्व गेले नाही. क्लाउड दोन्हींकडे होता. त्या क्लाउडवर काय, कसे आणि कोणाच्या हाती ठेवले आहे, यावर पुढचे ठरले.

क्लाउड कंपन्या हे स्वतःच सांगतात. इमारत, वीज, यंत्रे आणि त्यांच्या तळाची सुरक्षा त्यांची. आत कोणाला येऊ द्यायचे, कोणाला किती अधिकार द्यायचे, कुठले दार बाहेरच्या जगाला उघडे ठेवायचे आणि प्रती किती ठेवायच्या, हे ग्राहकाचे. करारात ही विभागणी लिहिलेली असते, फक्त ती वाचली जात नाही. अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेची माहिती ॲमेझॉनच्या क्लाउडवर होती. २०१९ मध्ये फायरवॉलच्या मांडणीतल्या चुकीतून १० कोटींहून अधिक लोकांचा तपशील बाहेर गेला. पुढच्या वर्षी तिथल्या बँक नियंत्रकाने ८ कोटी डॉलरचा दंड केला, तो बँकेला.

२०२४ मध्ये स्नोफ्लेक या क्लाउड कंपनीच्या सुमारे १६५ ग्राहक संस्थांवर एकापाठोपाठ हल्ले झाले, तेव्हाही चोरांनी कंपनीचा तट फोडला नव्हता. व्हायरस लागलेल्या संगणकांतून चोरलेले पासवर्ड त्यांनी वापरले. त्यातले काही २०२० पासूनचे होते आणि कोणी बदललेले नव्हते. त्या खात्यांना पासवर्डनंतरची दुसरी पडताळणी लावलेली नव्हती, म्हणून दार सरळ उघडले. आता आपल्याकडच्या सवयी आठवा. शाखेत एकच लॉगिन तिघे वापरतात, कारण नवीन काढायला मुख्य कार्यालयाची परवानगी लागते. नोकरी सोडून गेलेल्या अधिकाऱ्याचे खाते महिनोन्महिने चालू राहते. पिग्मी एजंट ग्राहकाच्या आधार-पॅनचे फोटो व्हॉट्सॲपवर शाखेला पाठवतो आणि ते फोटो दोघांच्या मोबाइलमधून त्यांच्या खासगी क्लाउडवर जाऊन पडतात. त्यांची नोंद कुठल्याही लेखापरीक्षणात येत नाही.

सहकारी बँकेत तिजोरीची किल्ली एका माणसाकडे कधीच नसते. दोन अधिकाऱ्यांकडे दोन किल्ल्या, दोघे हजर असल्याशिवाय तिजोरी उघडत नाही, आणि ताबा बदलला तर रजिस्टरला सह्या. हा नियम कोणी मोडला तर तुम्ही त्याच दिवशी निलंबनाचे पत्र काढाल. मग ज्या एका ॲडमिन खात्यातून सगळ्या ठेवीदारांच्या नोंदी आणि त्यांचे बॅकअप पुसता येतात, त्या खात्याला हा नियम का नाही? ते खाते आज व्हेंडरच्या कोणाकडे आहे? त्याने रात्री दोन वाजता काही केले तर तुमच्या माणसाला कळते का? कोड स्पेसेस या कंपनीकडे या प्रश्नांना उत्तर नव्हते. जून २०१४ मध्ये तिच्या क्लाउड खात्याच्या नियंत्रण पॅनेलमध्ये खंडणीखोर शिरला. कंपनीने त्याला बाहेर काढायचा प्रयत्न करताच त्याने मूळ माहिती आणि बहुतेक बॅकअप पुसून टाकले. दोन्ही एकाच खात्याखाली होते. कंपनी त्यातून सावरली नाही, बंद झाली.

म्हणून ‘बॅकअप घेतो’ हे उत्तर ऐकून समाधान मानू नका. रॅन्समवेअर टाकणारे आत शिरल्याबरोबर फाइली कुलूपबंद करत नाहीत. ते काही दिवस, कधी काही आठवडे, गुपचूप फिरतात, बॅकअप कुठे आहेत ते शोधतात आणि आधी त्यांच्यावर घाव घालतात. बॅकअप फक्त गेल्या सात दिवसांचे असतील तर सातही दिवसांच्या प्रतींत चोर आधीच बसलेला असू शकतो. निदान तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणीवर असाव्यात, एक दुसऱ्या ठिकाणी असावी, हा जगभर मानलेला साधा नियम आहे. त्यात आता एकाची भर पडली आहे : एक प्रत अशी हवी, जी ठरावीक मुदतीपर्यंत ॲडमिनलासुद्धा बदलता किंवा पुसता येणार नाही. ही सोय बहुतेक क्लाउड कंपन्या देतात. ती आपोआप मिळत नाही, मागावी लागते आणि तिचे पैसे मोजावे लागतात.

मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीची क्लाउडवरची संपूर्ण व्यवस्था गुगलच्या बाजूच्या मांडणीतल्या चुकीमुळे पुसली गेली. दुसऱ्या ठिकाणी ठेवलेली जुळी प्रतही गेली, कारण दोन्ही एकाच वर्गणीला बांधलेल्या होत्या. सहा लाखांहून अधिक सभासदांचा हा निधी सावरला, याचे एक कारण म्हणजे त्याने एक बॅकअप दुसऱ्याच कंपनीकडे ठेवला होता. तिथे चोर नव्हता, साधी चूक होती. पण चूक असो वा चोर, वाचवणारी गोष्ट एकच.

आणि प्रत असणे वेगळे, तिच्यावरून उभे राहणे वेगळे. अनेक संस्थांत डीआर ड्रिल (आपत्तीनंतर यंत्रणा पुन्हा उभी करण्याचा सराव) म्हणजे दुसरा सर्व्हर चालू करून बघणे आणि फाइलला कागद लावणे. खरी कसोटी ती, जेव्हा एखादा कामाचा दिवस सगळ्या शाखा पर्यायी केंद्रावरून चालवल्या जातात आणि संध्याकाळी रोख, ठेवी व कर्जखाती जुळतात. यात दोन आकडे कळतात. पडल्यावर किती तासांत उभे राहतो, आणि शेवटच्या प्रतीनंतरच्या किती वेळाच्या नोंदी हातच्या जातात. हे आकडे संगणक विभागाचे नाहीत, संचालकांचे आहेत. लासलगावला कांदा विकून शेतकऱ्याने पैसे खात्यात घेतले आणि त्या दुपारच्या चार तासांच्या नोंदी गेल्या, तर तुमच्या दारात येणाऱ्या माणसाला व्हेंडरचे नाव माहीत नसते. त्याला तुमचे माहीत असते, कारण निवडणुकीत त्याने तुम्हाला मत दिलेले असते.

कायदाही आता हेच म्हणतो. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून दोन दिवसांच्या हल्ल्यात ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली. त्यातली मोठी रक्कम २८ देशांतल्या एटीएममधून काढली गेली. ११२ वर्षे जुन्या बँकेवरचा हा घाव ताजा असतानाच, त्या वर्षीच्या ऑक्टोबरात रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट काढली आणि डिसेंबर २०१९ मध्ये तिला चार पातळ्या दिल्या. एप्रिल २०२३ मध्ये तंत्रसेवा बाहेरून घेण्याबद्दल सविस्तर निर्देश आले. त्यांत क्लाउडसाठी स्वतंत्र परिशिष्ट आहे आणि काम बाहेर दिले तरी जबाबदारी संचालक मंडळाचीच, हे स्पष्ट आहे. हे निर्देश १००० कोटींहून अधिक ठेवींच्या नागरी बँकांना लागू केले गेले. तुमची बँक त्याहून लहान असेल तर त्याचा अर्थ सक्ती नाही एवढाच. चोर ठेवींचा आकडा बघून येत नाही.

पतसंस्थांचे दुखणे अधिक खोल आहे. त्या सहकार खात्याच्या कक्षेत येतात, रिझर्व्ह बँकेची ही चौकट त्यांना नाही आणि बँक ठेवीला मिळणारे ५ लाखांपर्यंतचे विमा संरक्षणही त्यांच्या ठेवींना नाही. म्हणजे जिथे नियंत्रणाचा दाब कमी तिथेच ठेवीदार सर्वांत उघडा.

पण एक कायदा दोघांनाही गाठणार आहे. वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ च्या सुमारास, लागू व्हायच्या आहेत. माहिती गोळा करणारी संस्था ती दुसऱ्याकडून हाताळून घेत असली तरी जबाबदार तीच, आणि करारात उलटे काही लिहिले असले तरीही तीच, असे हा कायदा म्हणतो. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. माहिती फुटली तर ज्यांची माहिती आहे त्यांना विलंब न करता कळवायचे आणि या कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळाला, कळल्यापासून ७२ तासांत, तपशील द्यायचा. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेला सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवण्याचे बंधन तर एप्रिल २०२२ च्या आदेशापासून आहेच. आता करार उघडून बघा : घटना घडल्यावर किती वेळात तुम्हाला कळवायचे, याचे व्हेंडरवर काही बंधन आहे का? त्याने तिसऱ्या दिवशी फोन केला तर नुकसान आवरायला फार उशीर झालेला असेल.

योगायोग असा की मे २०२७ नंतर लगेच नाशिकमध्ये सिंहस्थ कुंभमेळ्याची गर्दी आहे. २ ऑगस्ट २०२७ ला पहिले अमृतस्नान. त्या महिन्यांत पंचवटीपासून त्र्यंबकपर्यंत प्रत्येक लॉज, भोजनालय आणि पूजासाहित्याच्या दुकानाचा गल्ला क्यूआर कोडवर चालेल आणि त्यातली बरीच खाती तुमच्याकडे असतील. घाव घालणारा असेच दिवस निवडतो, कारण बंद पडलेली बँक गर्दीच्या दिवसांत खंडणी द्यायला लवकर तयार होते.

खर्चाचा मुद्दा मला ठाऊक आहे. पन्नास-शंभर कोटींच्या संस्थेला स्वतंत्र सुरक्षा अधिकारी परवडत नाही आणि ती एकटी व्हेंडरपुढे बसली तर छापील करारावर सही करण्यापलीकडे तिच्या हाती काही उरत नाही. पण सहकार हा शब्द आपल्या पाट्यांवर आहे तो यासाठीच. जिल्ह्यातल्या दहा-वीस संस्थांनी मिळून एक सुरक्षा अधिकारी नेमावा, एकच तज्ज्ञ लेखापरीक्षक बोलवावा आणि व्हेंडरकडे एकत्रित मसुदा न्यावा. नागरी बँकांसाठी मार्च २०२४ मध्ये एनयूसीएफडीसी ही शिखर संस्था सुरू झाली आहे, तंत्रज्ञानात लहान बँकांना हात देणे हे तिचे घोषित काम आहे. वित्तक्षेत्रासाठी स्वतंत्र क्लाउड उभारण्याची घोषणा रिझर्व्ह बँकेनेही डिसेंबर २०२३ मध्ये केली. त्यांच्याकडे जिल्ह्याची एकत्रित मागणी गेली तर तिला वजन येईल.

‘या गोष्टी सभेत बोललो तर चोरांनाच माहिती मिळेल,’ असेही काही संचालक म्हणतात. सभासद पासवर्ड मागत नाहीत, सर्व्हरचा नकाशाही मागत नाहीत. आम्हाला पाच गोष्टी अहवालात छापून हव्या आहेत. माहितीची एक प्रत चालू यंत्रणेपासून तोडलेली आणि पुसता न येणारी आहे का? पर्यायी केंद्रावरून पूर्ण दिवस शेवटचे काम कोणत्या तारखेला केले आणि उभे राहायला किती वेळ लागला? ॲडमिन खात्यांना दुसरी पडताळणी आणि दोघांची मंजुरी लागते का? घटना किती तासांत कळवायची आणि संबंध संपल्यावर आमची माहिती परत देऊन त्याच्याकडची पुसायची, हे व्हेंडरच्या करारात आहे का? आणि यंदा बाहेरच्या तज्ज्ञाने तपासणी केली का, तिच्यातले किती दोष अजून दुरुस्त व्हायचे आहेत? यांतल्या एकाही उत्तराने चोराला दार सापडत नाही. ठेवीदाराला मात्र संचालक जागे आहेत की नाही ते कळते.

हा विषय ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणाऱ्या विषयां’त, चहाची वेळ झाल्यावर ढकलू नका. ताळेबंदाच्या मंजुरीइतक्याच मानाने त्याला कार्यक्रमपत्रिकेवर क्रमांक द्या. सभासद बंधू-भगिनींनाही विनंती आहे : लाभांश अर्ध्या टक्क्याने का घटला हे आपण तावातावाने विचारतो, त्याच आवाजात या पाचांतला एक तरी प्रश्न विचारा आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या. सुरक्षेवरच्या खर्चासाठी लाभांश थोडा कमी द्यावा लागला, असे एखाद्या मंडळाने प्रामाणिकपणे सांगितले, तर मी त्या ठरावाला अनुमोदन देईन.

कळावे,
आपला,
एक सभासद व ठेवीदार,
नाशिक